हळू वळताना

टक... टक टक... टक.

असा तो आवाज होता. सव्वीस वर्षांपूर्वीचा. गॅरेजवाल्या मिस्त्रींच्या मोठ्या भावाच्या बोटातली लोखंडी अंगठी गाडीच्या स्टिअरिंगवर वाजायची, तो. आधी एक, मग घाईघाईनं दोन, मग एक, आणि मग चढण चढताना माणूस दम खायला थांबतो तशी जराशी गप्प. मग पुन्हा तसंच. फार मोठा आवाज नव्हे. बंद दारावर कुणीतरी एका बोटानं, आतल्यानं उघडू नये अशाच बेतानं वाजवावं, एवढाच. मिस्त्रींनी तो त्या दिवशी नीट कान देऊन ऐकला होता, आणि ऐकलाच नाही असं दाखवलं होतं.

म्हाताऱ्या माणसाच्या कानात असे दोन-चार आवाज मुक्कामाला असतातच. त्यांच्याबरोबर जगता येतं. पण कानात राहिलेला आवाज वेगळा, आणि समोर उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीतून येणारा वेगळा. ते एका रविवारी झालं, भर दुपारी, लख्ख उजेडात. अंधार असता तर बरं झालं असतं, असं मिस्त्री नंतर म्हणत. अंधारात माणूस म्हणू शकतो की आपल्याला नीट दिसलं नाही.

रविवारी गॅरेज बंद असायचं. तरी मिस्त्री जेवून झालं की तिथंच यायचे. पत्र्याची लांबट शेड, पुढं विटांच्या भिंतीचं आवार, तेलानं काळी पडलेली जमीन आणि एक लाकडी टेबल. एवढाच त्यांचा संसार. बायको जाऊन दहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. शहरात दुसरी मोठी गॅरेजं झाली होती, पण स्टिअरिंगचं दुखणं कळेना झालं की तिथलेही लोक गाडी इकडं पाठवायचे. मिस्त्री आधी पाना उचलत नसत. स्टिअरिंगच्या चाकावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळानं म्हणायचे, "पंप नाही. क्रॉस गेलाय, दांड्याचा सांधा." तो गेलेलाच असायचा.

त्या दुपारी फाटकातून एक जुनी निळी गाडी आत आली आणि हॉर्न वाजला.

"काका, झोपलात का?"

"झोपलो असतो तर घोरताना ऐकू आलो असतो. ये, ठकू."

"मला वाटलं असतं, हवेचा कंप्रेसर चालू आहे."

ठकू म्हणजे त्यांची पुतणी, त्या मोठ्या भावाची मुलगी. पस्तिशीची बाई झाली होती, उंचीनं काकांच्या डोक्यावर गेली होती, तरी नाव तेच राहिलं होतं. ती उतरली आणि गाडीच्या टपावर थाप मारून म्हणाली, "कशी वाटते? रूपानं बेताची आहे, पण नांदायला बरी."

"कुणाकडून घेतलीस?"

"जुन्या गाड्यांच्या दुकानातून. आधीच्या मालकीणबाई शिक्षिका होत्या म्हणे, बाजारापलीकडं कधी नेली नाही. उद्यापासून बालवाडीची सहा पोरं न्यायची-आणायची, काका. आठला पहिली फेरी. सात महिन्यांनी काम मिळालंय." मग तिनं आवाज जरा खाली आणला. "पण हिला एक खोड आहे. वेगात असली की लोणी. हळू वळवायला गेलं की स्टिअरिंगला हुडहुडी भरते. फाटकातून आत घेताना, उभी करताना. असं थडथड, थडथड. मला तर आधी वाटलं, माझ्याच हातांना काहीतरी झालं."

ती हसली. मिस्त्रींच्या हातातलं फडकं मात्र जागच्या जागी थांबलं.

"बघू," ते म्हणाले.

ती चालवायला बसली आणि ते शेजारी. आवारात गाडी मुंगीच्या पावलानं फिरवायला लावली. सरळ होती तोवर काही नाही. डावीकडं वळवली आणि स्टिअरिंग थरथरलं. सगळीकडून एकसारखं नाही. आधी एक झटका, मग दोन लागोपाठ, मग एक, आणि मग थांबून राहिल्यासारखं.

मिस्त्रींनी नकळत ते झटके मोजले.

दुखणारा पंप असा थरथरत नाही. तो दळण दळल्यासारखा एकसुरी थरथरतो. पंप फिरवणारा पट्टा घसरला तर किंचाळतो. तेलात हवा असली तर घशात कफ असल्यासारखी घरघर येते. पन्नास वर्षांत असं मोजून थरथरणारं स्टिअरिंग त्यांनी एकच पाहिलं होतं.

"थांब जरा," ते म्हणाले. "हात काढू नकोस. असाच ठेव." आणि त्यांनी आपला तळहात तिच्या हातावर ठेवला.

असाच तळहात त्यांनी सव्वीस वर्षांपूर्वी दादाच्या हातावर ठेवला होता.

दादा बेकरीची गाडी चालवायचा. पहाटे पाव भरून निघायचा, नऊला रिकामा परत. आई-बाप लवकर गेल्यावर त्यानंच धाकट्याला वाढवलं, या शेडवर पत्रे घातले, पहिला पान्यांचा संच आणून दिला. एक दिवस तो आला आणि म्हणाला, हळू वळताना स्टिअरिंग थरथरतंय. मिस्त्रींनी आठवडाभर ती गाडी उलटीसुलटी केली. तेल, पंप, पट्टा, चाकं वळवणारा रॅक, सगळं ठणठणीत. शेवटी ते शेजारी बसले आणि दादाच्या हातावर हात ठेवला. गाडी शांत होती. थरथर दादाच्या हातातून येत होती. अंगठी वाजत होती, टक, टक टक, टक.

दादानं तेव्हा त्यांच्याकडं पाहिलं होतं. वाघासारखा माणूस, पण तेव्हा डॉक्टरच्या दारात बसलेल्या लहान पोरासारखा विचारत होता, "सापडलं ना रे काहीतरी?"

घरी वहिनी होती, नऊ वर्षांची ठकू होती. गाडी सुटली तर दादाच्या अंगात दुसरं कसब नव्हतं. आणि खरं सांगायचं तर हा सगळा विचार मिस्त्रींनी नंतर केला. त्या क्षणी त्यांना फक्त ते डोळे बघवले नाहीत.

"सापडलं, दादा. पट्टा घसरत होता."

चांगला पट्टा काढून त्यांनी नवा घातला. दादाचा चेहरा उजळला. दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही एकमेकांना तो जुना पट्टा दाखवून बरं वाटून घेत होते. सतरा दिवसांनी, पहाटे, कालव्याच्या पुलाजवळ अगदी हळू वळताना गाडी पाण्यात गेली. लोक म्हणाले, स्टिअरिंग अडकलं असणार. वहिनी म्हणाली, "भावोजी, तुम्ही पट्टा नीट बसवला असता तर..." मिस्त्रींनी मान खाली घातली. पुढं बावीस वर्षं, ती असेपर्यंत, ती त्यांच्याशी बोलली नाही.

आई गेल्यावर ठकू आपण होऊन त्यांच्या दारात आली होती. "काका, पट्टा बसवण्यात चूक झाली. माणसाच्या हातून होते. मी मनातून काढून टाकलंय." मिस्त्री तेव्हा हमसून रडले. तिला वाटलं, मन मोकळं झालं. जी चूक त्यांनी केलीच नव्हती, तिची माफी तिनं दिली होती, आणि त्यांनी ती गपचूप पदरात घेतली होती. तेव्हापासून जगात त्यांना काका म्हणणारं एक माणूस होतं.

आता त्या काकांचा हात तिच्या हातावर होता, आणि त्यांच्या मनात एकच धावा चालला होता. हिचं नको. बापाचं दुखणं हिच्या वाट्याला नको.

तिचे हात शांत होते. गार आणि स्थिर, पाट्यासारखे. थरथर त्यांच्या खालून येत होती, स्टिअरिंगमधून.

"काय झालं काका? पडलात का पेचात?"

"काही नाही. गाडीचंच आहे," ते म्हणाले, आणि त्यांना केवढं हायसं वाटलं. गाडीचं आहे ना? मग गाडी दुरुस्त करता येते.

त्यांनी कामाला हात घातला. तेलाच्या डबीचं झाकण उघडलं. तेल काळं झालं होतं, वर बारीक फेस. सगळं काढून नवं भरलं. पट्टा बोटानं दाबून पाहिला. आतून काचेसारखा गुळगुळीत झालेला. तो बदलला. पुढची चाकं जॅकवर उचलली आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसदा फिरवलं, नळ्यांतली हवा बुडबुड करून बाहेर आली. रॅकचे बोल्ट आवळले. क्रॉसला वंगण दिलं. ठकू डब्यावर बसून शेंगदाणे खात होती, मध्येच पाना पुढं करत होती.

"खरंच बिघाड होता म्हणजे," ती म्हणाली. "मला वाटलं, म्हणाल, बाईमाणसाला चालवता येत नाही."

"तुझ्या बापानं ऐकलं असतं तर मला बडवलं असतं."

"बाबा चांगले चालवायचे ना?"

"हं," मिस्त्री म्हणाले, आणि बोनेटखाली वाकले.

गाडी खाली घेतली, सुरू केली, वळवली. एक झटका. दोन. एक. थांब.

पुन्हा सगळं उघडलं. शेडमध्ये एक जुना चांगला पंप पडला होता, तो बसवला. चाकांजवळच्या सांध्यांचे दोन्ही एंड हलवून पाहिले. टायरची हवा मोजली. वळवली. थरथर तशीच, आणि आता मिस्त्रींना वाटलं, प्रत्येक खेपेला ती थोडी जास्त वेळ थांबते. कुणी प्रश्न विचारून तोंडाकडं बघत राहावं तशी.

चार वाजले. ठकूच्या कपाळावर आठी पडली. "नाहीच होत का? उद्याचं काय करू मी, काका? पोरं असतील हो मागं बसलेली."

"होईल. तू जरा... कोपऱ्यावरून चहा घेऊन ये. डोकं चालेना."

ती गेली. मिस्त्रींनी गाडी पुन्हा जॅकवर घेतली. आता शेवटचा उपाय. पट्टाच काढून टेबलावर ठेवला. पट्टा नाही म्हणजे पंप मेला. इंजिन बंद. चाकं अधांतरी. आता स्टिअरिंग म्हणजे नुसतं एका दांड्यावर बसवलेलं वर्तुळ, त्याला हलवणारं जगात काही उरलं नाही. हात पुसत ते टेबलाशी उभे राहिले.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तापलेला पत्रा वर कुठंतरी कुरकुरला. आणि मग आला...

टक... टक टक... टक.

मिस्त्री वळले नाहीत. त्यांनी टेबलाची कड धरली. आवाज प्लास्टिकवर लोखंड वाजतं तसा होता, अंगठीचा. मग वास आला. तेल, रबर, जळकं वंगण या सगळ्याच्या वरून, ताज्या पावाचा. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या, गरम.

ते वळले. काचेतून स्टिअरिंग दिसत होतं. थरथरत होतं. सीट रिकामी होती.

ते गाडीपाशी गेले. दार उघडून बाहेरूनच वाकले आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, पोराला ताप चढल्यावर आई धरते तसं. तळव्यांखाली त्यांना गार प्लास्टिक लागायला हवं होतं. लागली ती बोटांची पेरं. गरम, हाडकी, एकेक मोजता येतील अशी. आणि एका बोटावर अंगठी.

"दादा..." ते म्हणाले.

थरथर थांबली. वाट पाहू लागली. मिस्त्रींना आवाज ऐकू आला नाही, पण प्रश्न कळला. तोच होता.

आणि बघा माणसाची जात. सव्वीस वर्षं पश्चात्तापात काढली, रोज मनात म्हटलं की पुन्हा वेळ आली तर खरं सांगीन. वेळ आली, समोर प्रश्न उभा राहिला, आणि म्हाताऱ्याच्या तोंडून काय निघालं?

"सापडलं, दादा... पट्टा होता."

स्टिअरिंगनं असा हिसका दिला की त्यांचे हात उडाले. पुढची अधांतरी चाकं डावीउजवीकडं आपटू लागली, जॅक करकरला, अख्खी गाडी झुलू लागली. मिस्त्री मागं सरकत टेबलावर आदळले. पाने खाली खणखणले.

"काका!"

फाटकात ठकू उभी होती, दोन्ही हातांत चहाचे कागदी पेले. ती गाडीकडं बघत होती. गाडीत कुणी नव्हतं, आणि गाडीजवळही कुणी नव्हतं.

"काका... कोण हलवतंय तिला?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं. त्यांना म्हणता आलं असतं, जॅक सरकला. म्हणता आलं असतं, इंजिन सुरू राहिलं होतं. दहा सबबी जिभेवर तयार होत्या. खोटी दुरुस्ती करणाऱ्याला त्या शिकाव्या लागत नाहीत. पण उद्या आठ वाजता या स्टिअरिंगमागं ही बसणार होती, आणि मागं सहा पोरं. बदलून दाखवायला दुसरा पट्टा आता त्यांच्याजवळ नव्हता.

"बस," ते म्हणाले. "त्या डब्यावर बस, बाळ. तुला एक सांगायचं राहिलंय."

आणि त्यांनी सांगितलं. हळूहळू, जसं त्यांना बोलता यायचं तसं. गाडी शांत होती आणि हात थरथरत होते, हे सांगितलं. अंगठी सांगितली. चांगला पट्टा काढून नवा घातला, हे सांगितलं. "पट्टा नीटच बसला होता, ठकू. त्यात माझी चूक नव्हती. चूक ही की मला माहीत होतं. माहीत असून त्याला रस्त्यावर जाऊ दिलं."

सांगू लागले तेव्हा चाकं आपटत होती. मध्येच कधीतरी हळू झाली. शेवटच्या शब्दाला थांबली. पावाचा वासही गेला, वाऱ्याची झुळूक यावी आणि जावी तसा.

ठकूच्या हातातला चहा निवला होता. ती म्हणाली, "आईनं तुम्हाला बावीस वर्षं बोल लावला. तुम्ही का नाही बोललात?"

"दादाचं नाव जाईल म्हणून..." मिस्त्री म्हणाले, मग त्यांना ते स्वतःलाच पटेना. "नाही. तसं नाही. वाईट कामगार म्हटलेलं मला सोसत होतं. माहीत असून जाऊ दिलं, हे नसतं सोसलं."

"डॉक्टरकडं नेलं असतं तर?"

मिस्त्री हातातलं फडकं उलगडत आणि घडी घालत बसले.

ठकू उठली. पेले तिनं टेबलावर नीट ठेवले, पट्ट्याच्या शेजारी. मिस्त्रींनी काहीतरी करायला हवं म्हणून जॅक उतरवला. चाकं जमिनीला टेकली, सरळ, समोर शेडच्या भिंतीकडं तोंड करून. ती गाडीपाशी गेली, वाकून स्टिअरिंगवर एक हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. ते गप्प होतं. मग तिनं किल्ली काढली आणि मिस्त्रींच्या तळहातावर ठेवली. त्यांच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

"ठकू, गाडी आता ठीक आहे गं. बघ, थरथर गेली. उद्या तुला..."

ती फाटकाकडं चालू लागली होती.

मिस्त्रींना तिच्यामागं जायचं होतं. पण मागं त्यांना रबर जमिनीवर घासल्याचा आवाज आला. बारीक, लांबलेला. किल्ली त्यांच्या मुठीत होती. किल्ली काढली की स्टिअरिंगला आपोआप कुलूप बसतं. मग पहिलवान आला तरी चाकं वळत नाहीत. पंप मेलेला होता, पट्टा टेबलावर होता. आणि गाडीची पुढची दोन्ही चाकं सावकाश फाटकाच्या बाजूला वळत होती. जराही थरथर नव्हती. हातात कसब असलेला, अजिबात घाई नसलेला माणूस वळवतो तशी ती वळली आणि ठकूच्या पाठीशी सूत लावून थांबली. दादा आता त्यांना काही विचारत नव्हता; तो लेकीकडं बघत होता.

"ठकू..." ते हाक मारायला गेले, पण नुसता श्वास निघाला.

ती फाटकाबाहेर पडली, भिंतीच्या कडेनं वळली, आणि निघून गेली.